जुईलीस, युन्नानला निघण्याआधी

बस गो इथे, पोत्यावर.
भट्टी थंड होईस्तोवर सांगते, तेवढं ऐक.
मालकाने तिकीट दिलं, मशीन बघायला पाठवतोय,
बाकीचं कोण सांगणार तुला?
पास्कू सांगायचा नाही.
अकरा दिवसांतले चार त्याला आठवतच नाहीत.

आपण वेंगुर्ल्याची, समुद्रसपाटीची माणसं.
आंबोली चढलो तरी वाटतं आभाळाला हात लागला.
तिथे बसस्टँडच आंबोलीच्या तिप्पट उंचीवर,
आणि त्याच्याही वर, बर्फाच्या बाजूला
रविवारी कौतुकाने नेतात पाहुण्यांना.
पहिल्या दिवशी भराभर चालू नकोस.
पास्कू धावला, मशीनवाल्यांना छाती दाखवायला,
रात्रभर बादली धरून बसला, सांतेरीला नवस बोलला,
किरिस्तांव असून.

नोटा कुणी घेत नाही पटकन.
मुळ्याच्या टोपलीलाही चौकोनी ठिपक्यांचा कागद लटकतो.
फोनातली पैशांची सोय इथूनच करून जा,
आणि फोन मेला तर, म्हणून थोड्या नोटा कंबरेला.
पासपोर्ट उशाखाली; आगगाडीचं तिकीट म्हणजे तोच.
संडासात कागद नसतो, आपला आपण न्यायचा.
पाणी मागशील तर गरम मिळेल. पी. बरं असतं.

तिरफळं नेऊ नकोस.
मी नेली होती मूठभर, रुमालात बांधून.
विमानतळावरच्या पोराने हुंगली, शिंकला,
आणि डब्यात टाकली गो, माझ्यासमोर.
तिसऱ्या दिवशी बाजारात एक म्हातारी
बसली होती तांबूस दाण्यांची रास घेऊन.
एक दाणा जिभेवर ठेवला.
ओठ झिणझिणले, आणि आईच्या बांगड्याच्या कढीचा
वास आला, दोन हजार मीटरवर.
तिरफळाची चुलतबहीण, दुसरं काय.

तिथे एक मोठं तळं आहे, त्याला समुद्र म्हणतात.
हसू नकोस. मी हसले होते.
मग संध्याकाळी वारा फिरला, काठाला लाट आली,
आणि मी चपला काढून हातात घेतल्या.

सगळ्यांना सरसकट चिनी म्हणू नकोस.
तुला कुणी मुंबईची म्हटलं की कशी फणकारतेस?
इथे एका मासळीबाजारात गाबीत, दालदी, भंडारी, किरिस्तांव,
प्रत्येकीचं बोलणं वेगळं, कालवणही वेगळं.
तिथे दर घाटाला भाषा बदलते, डोईचा रुमाल बदलतो.
तू कुठली, असं विचार. खुणेने विचार.
फोटो काढण्याआधी तर विचारच.
आपण वाटे मांडून बसलो की ते टोपीवाले
न विचारता कॅमेरा रोखतात,
तेव्हा तुझ्या तोंडात काय येतं, आठव.

एका गावात बायका कापड रंगवतात.
गाठी मारायच्या, निळीच्या पिंपात बुडवायचं,
सुकवायचं, पुन्हा बुडवायचं.
फोनातली बाई काहीतरी भलतंच भाषांतर करत होती,
मी फोन ठेवून दिला.
तिने हात पुढे केले. कोपरापर्यंत निळे.
मी माझे केले. काजूच्या चिकाने काळी झालेली ही बोटं.
तिने माझा अंगठा धरून घासून बघितला,
जाईल का म्हणून.
मी तिचा घासला.
दोघींनी माना हलवल्या.
मग तिने पाठीमागून स्टूल ओढलं,
आणि मी तासभर गाठी मारत बसले. चुकीच्या.
तिने त्या सोडवल्या नाहीत.

आता मशीनचं.
मशीन चांगलं आहे, जुईली.
इकडून बी टाकली की तिकडून पांढरी, अख्खी बाहेर.
चाळीस बायकांचं काम करतं,
आपण आहोत अडतीस.
परत येऊन मालकाला मी सांगितलं,
आवाज फार करतं.
पास्कू शेजारीच उभा होता.
म्हणाला, हो, फार.

तुला काय ऐकू येतं ते तू ऐक.
तुझे कान तरुण आहेत, मी काय सांगू?
पायमोजे मात्र लोकरीचे घे,
इथे मिळायचे नाहीत, सावंतवाडीला बघ.
ऊठ, भट्टी निवली.